दोनशे टनी जहाज, फुकटचं सॉफ्टवेअर आणि फ्लेक्सवाला

स्पेसशिपचा नकाशा काढायला कुठलं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, हे भाच्याच्या ग्रुपमधली पोरं मला सारखी विचारतात. व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिते. पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या मतांचा कल कुठून येतो ते कळेल. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन सिव्हिल. पुण्यात एका आर्किटेक्टकडे कामाला आहे. दिवसभर टू-बीएचकेचे प्लॅन, पार्किंगचे रॅम्प, टॉयलेटचे डिटेल आणि महापालिकेत द्यायची सबमिशन ड्रॉइंग. घरी येऊन पुन्हा प्लॅनच काढते, फक्त त्यात किचनच्या जागी इंजिन रूम असते. भाचा शनिवारी मित्र जमवून ट्रॅव्हलर खेळतो. खेळातला रेफरी तो, आणि नकाशांचं खातं माझ्याकडे. मलाही एक पात्र दिलंय, जहाजाची इंजिनिअर. सारखी कुरकुर करणारी. अभिनय करावा लागत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅव्हलर हा १९७७ साली अमेरिकेत आलेला रोलप्लेइंग गेम, मार्क मिलर यांचा. टेबलाभोवती बसायचं, रेफरी प्रसंग सांगतो, आपण आपल्या पात्राचं काय करायचं ते ठरवतो, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. यात जहाज म्हणजे निव्वळ वाहन नसतं. तिथेच राहायचं, तिथेच भांडायचं, कर्जाचे हप्तेही त्याचेच फेडायचे. त्यामुळे जहाजाचा प्लॅन लागतोच, आणि चौकोनांचा लागतो. एक चौकोन म्हणजे दीड मीटर बाय दीड मीटर. फुटांत सांगायचं तर पाच बाय पाच.

मला हा खेळ आवडला तो इथल्या टनामुळे. जहाज १०० टनी, २०० टनी असं सांगतात, पण हा टन वजनाचा नाही, घनफळाचा. एक टन द्रवरूप हायड्रोजनला जेवढी जागा लागेल तेवढी, म्हणजे साधारण १४ घनमीटर. दीड मीटरचे दोन चौकोन घेतले आणि तीन मीटर उंची धरली की १३.५ घनमीटर होतात. म्हणून हिशोब सोपा: एका टनाला दोन चौकोन. २०० टनांचं फ्री ट्रेडर, म्हणजे छोटं मालवाहू जहाज, जे बहुतेक ग्रुपच्या नशिबी येतं, त्याचे झाले ४०० चौकोन. त्यातलं दहा टक्के घनफळ एका उडीच्या (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेण्याच्या) इंधनालाच जातं. ते ४० चौकोन संपले. प्रवाशाच्या केबिनला चार टन, म्हणजे आठ चौकोन. पण आठच्या आठ खोलीत काढायचे नसतात, कारण त्यात कॉरिडॉर आणि कॉमन एरियाचा वाटा धरलेला असतो. हे वाचल्यावर मी मोठ्याने हसले. हा सरळ सरळ कार्पेट एरिया आणि सुपर बिल्ट-अपचा मामला आहे! रेराचा कायदा २०१६ साली आला आणि बिल्डरला कार्पेट एरियावर विकायची सक्ती झाली, अंतराळात मात्र अजून लोडिंग लावूनच विकतात. मी केबिनला सहा चौकोन देते आणि दोन बाहेर काढते. सहा चौकोन म्हणजे दहा बाय पंधरा फूट. आमच्या ऑफिसच्या कित्येक प्लॅनमधली मास्टर बेडरूमसुद्धा एवढी नसते.

(आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसांना वावरायला जेमतेम ३८८ घनमीटर जागा आहे. ट्रॅव्हलरच्या हिशोबाने २८ टनसुद्धा नाही. सात केबिन. पोरांनी केबिन लहान म्हणून तक्रार केली की मी हा आकडा ऐकवते.)

आता सॉफ्टवेअर. ऑफिसचं कॅड, म्हणजे प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर, ऑफिसच्या लायसन्सवर आहे, ते घरी वापरता येत नाही. क्रॅक व्हर्जन पेनड्राइव्हवर देणारे पैशाला पासरी भेटतात, पण त्यासोबत काय काय घरात येतं ते न बोललेलं बरं. फुकटात आणि सरळ मार्गाने मिळणारी सॉफ्टवेअरं इतकी चांगली आहेत की त्या भानगडीत पडायची गरजच नाही.

निवडताना पोरं बघतात की चित्र किती झकास दिसेल. मी बघते की बदल करायला किती वेळ जाईल. ऑफिसात ड्रॉइंगला आर-झिरो, आर-वन, आर-टू असे रिव्हिजन नंबर पडत जातात, कारण क्लायंट बदल सांगणारच. इथला क्लायंट म्हणजे रेफरी, आणि तो शुक्रवारी रात्री फोन करून म्हणतो, "मावशी, कार्गो होल्ड जरा मोठा हवाय, त्यात एक जीप ठेवायचीय." अशा वेळी भिंत सरकवायला दोन मिनिटं लागली पाहिजेत. याच एका कसोटीवर अर्धी यादी गळते.

गिंप गळतं. वाईट म्हणून नव्हे, फोटोच्या कामाला मी तेच वापरते, आणि २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून तर लावलेला इफेक्ट नंतर बदलताही येतो. पण ते मुळात ठिपक्यांचं सॉफ्टवेअर. भिंत काढली की ती भिंत राहत नाही, रंगलेले ठिपके होतात. सरकवायची तर खोडा, खालची फरशी पुन्हा भरा. क्रिताचंही तेच. त्यात व्हेक्टर लेयर (आकार नंतरही सरकवता येणारा थर) आहे, पण त्याचा जीव ब्रशमध्ये. ज्याच्याकडे पेन टॅबलेट आहे आणि हात चांगला आहे त्याने जहाजाचं बाहेरून दिसणारं चित्र क्रितातच काढावं. ते त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच पैसे देऊन मिळतं आणि ते पैसे पुढच्या कामाला जातात. फुकट हवं असेल तर दुकान चुकवू नका, एवढंच.

टाइल्डमध्ये तयार चौकोनी चित्रं शेजारी शेजारी मांडत नकाशा होतो. चित्रांचा संच हाताशी असेल तर झटपट, नसेल तर तो संच कोण काढणार? डंजन स्क्रॉल ब्राउजरमध्ये चालतं आणि आज रात्रीच खेळायचं असेल तर त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. चौकोन ओढले की खोल्या तयार. पण माझी फाइल माझ्या लॅपटॉपवर असावी, नेट नसतानाही उघडावी आणि दहा वर्षांनीही उघडावी, हा माझा हट्ट आहे. ऑफिसात जुन्या बिल्डिंगचं ड्रॉइंग शोधताना जे हाल होतात ते बघितलेला माणूस हा हट्ट धरतोच.

मग लिब्रेकॅड. माझ्यासारखीला ते उघडल्या उघडल्या माहेरी आल्यासारखं वाटतं. लाइन, ऑफसेट, ट्रिम, लेयर, डायमेन्शन, सगळं जागच्या जागी. मापाला एकदम चोख, फाइल कॅडच्या नेहमीच्या डीएक्सएफमध्ये, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही कुरबुर न करता चालतं. पण कॅडला रेषा कळतात, रंग कळत नाही. टेबलावरच्या नकाशात फरशी राखाडी, इंधनाची टाकी निळसर, एअरलॉक (बाहेर पडायची हवाबंद खोली) पिवळा असं लांबून दिसलं पाहिजे, नाहीतर पोरं प्रत्येक वेळी विचारतात की ही खोली कसली. कॅडमध्ये त्यासाठी हॅच, म्हणजे आकारात भरण, मारत बसावं लागतं. मशीनचे पार्ट किंवा घराचा प्लॅन काढायचा तर जरूर वापरा.

लिब्रेऑफिस ड्रॉबद्दल कुणी बोलत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. लिब्रेऑफिस टाकलं की ते आपोआप येतं. त्याला ग्रिड आहे, स्नॅप (रेघ ग्रिडला आपोआप चिकटणं) आहे, लेयर आहेत, डायमेन्शन लाइन आहे, आकारातून आकार वजा करता येतो. ज्याने जन्मात कधी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं नाही त्याला मी हेच सांगते, कारण वर्डसारखं दिसतं आणि भीती वाटत नाही. पहिलं जहाज ड्रॉमध्ये काढा. कंटाळा आला की पुढे जा.

पुढे म्हणजे इंकस्केप. मी तिथेच स्थिरावले.

इंकस्केप २००३ पासून आहे, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, आणि त्याची फाइल एसव्हीजी असते. एसव्हीजी हे कुणा कंपनीच्या मालकीचं नाही, वेबचं सार्वजनिक मानक आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत वाचता येण्याजोगा मजकूर दिसतो. दहा वर्षांच्या हट्टाचं उत्तर तिथे मिळालं. शिकायला जरा वेळ लागतो हे खरं, पण सगळं शिकायची गरज नाही. जहाजापुरतं सांगते.

कागद उघडल्यावर पहिलं काम ग्रिडचं. मी मेट्रिकमध्ये वाढलेली, त्यामुळे हात आधी २५ मिलिमीटरकडे जातो. दीड मीटर म्हणजे २५ मिलिमीटर धरलं की स्केल बरोब्बर एकास साठ. पण तरीही ग्रिड इंचाचं ठेवा. एक चौकोन एक इंच. बाजारात मिळणाऱ्या पात्रांच्या बाहुल्या आणि खेळायच्या मॅट सगळे इंचाच्या चौकोनाचे, आणि २५ व २५.४ मधला फरक तीस चौकोनांवर १२ मिलिमीटर होतो, जवळजवळ अर्धा चौकोन. दुसरं असं की इंचाचा चौकोन असला की एक्स्पोर्ट करताना जेवढा डीपीआय (एका इंचात किती ठिपके) टाकाल तेवढेच पिक्सेल एका चौकोनाला मिळतात. रोल-ट्वेंटी या साइटवर ऑनलाइन खेळणाऱ्यांना एका चौकोनाला ७० पिक्सेल लागतात. डीपीआय ७० टाका, विषय संपला. तिसरं कारण फक्त आमच्या धंद्यातल्यांना आवडेल: चौकोन पाच फुटांचा, म्हणजे साठ इंचांचा, म्हणून कागदावर ०.१ इंच जाडीची रेघ काढली की ती सहा इंची भिंत झाली आणि ०.१५ ची नऊ इंची. आतल्या भिंती सहा इंची, बाहेरचं कवच नऊ इंची. अंतराळात कवच किती जाड हवं ते मला विचारू नका, टेबलावर ते शोभतं.

डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ग्रिडचं अंतर पाव इंच ठेवा आणि दर चौथी रेघ ठळक करा. इंचाला भिंती, पाव इंचाला पलंग, टेबल, कन्सोल. स्नॅपिंग चालू आहे ना ते बघा. आणि एक लक्षात घ्या, हे ग्रिड फक्त पडद्यावर दिसतं, छापलं जात नाही. छापायचे चौकोन एक्स्टेन्शन्समधल्या रेंडरच्या खाली कार्टेशियन ग्रिड आहे त्यातून काढायचे, आणि ते वेगळ्या लेयरवर ठेवायचे. ऑनलाइन खेळायचं असेल तेव्हा तो लेयर बंद, कारण तिथे प्रोग्राम स्वतःचे चौकोन टाकतो. दोन्ही राहिले आणि जराही सरकले की नकाशा मच्छरदाणीसारखा दिसायला लागतो.

भिंती मी एकेक करून काढत नाही. आधी जहाजाचा बाहेरचा आकार गडद राखाडी रंगात भरीव काढते. मग त्यावर खोल्यांचे आयत मांडते, मध्ये दशांश इंचाची फट सोडून. सगळ्या खोल्या निवडायच्या, कंट्रोल आणि अधिकच्या खुणेने एक करायच्या, मग खालचा आकारही निवडून कंट्रोल आणि उण्याने वजा करायच्या. उरतात त्या भिंती, कोपरे एकदम स्वच्छ, कुठेही रेघ सुटलेली नाही. वजाबाकीआधीची प्रत मात्र एका लपवलेल्या लेयरवर ठेवा. शुक्रवारी रात्रीच्या फोनसाठी ती लागते: आयत मोठा केला, पुन्हा वजा केला, जीप आत. १.३ पासून शेप बिल्डर नावाचं हत्यार आलंय, त्यात नुसते तुकडे टिचकी मारून जोडता किंवा उडवता येतात. मला जुनी सवय सुटत नाही.

दारांची गंमत सगळ्यात भारी. ट्रॅव्हलरच्या जहाजात सरकती दारं असतात आणि मजल्यांमध्ये आयरिस व्हॉल्व्ह, पाकळ्यांसारखी उघडणारी गोल झाकणं. एकच दार काढायचं, कागदाबाहेर कोपऱ्यात ठेवायचं, आणि आल्ट-डी दाबून त्याचा क्लोन करायचा. क्लोन म्हणजे नुसती कॉपी नव्हे, मूळ दाराशी नाळ जोडलेली राहते. मूळ दारावर लाल पट्टी ओढली की जहाजभरच्या सगळ्या दारांवर लाल पट्टी. एखाद्या दाराचा रंग वेगळा हवा असेल तर मूळ दाराचा फिल (आतला रंग) अनसेट करायचा, म्हणजे प्रत्येक क्लोनला आपापला रंग देता येतो. मी कुलूपबंद दारं तशीच दाखवते. जहाज डावी-उजवीकडे सारखं असेल तर अर्धंच काढा, त्याचा क्लोन करा आणि एच दाबून उलटा. अर्धी मेहनत वाचते. फक्त वजाबाकी-बेरीज करण्याआधी क्लोनची नाळ तोडावी लागते, ती शिफ्ट-आल्ट-डीने.

लेयर मला इतके पुरतात: फरशी, चौकोन, भिंती, दारं, सामान, नावं, आणि सर्वात वर "रेफरी". या शेवटच्यात चोरकप्पे, बिघडलेली मशिनं आणि लपलेला इसम. एक्स्पोर्टच्या आधी तो बंद आहे ना, हे मी बघते आणि भाचाही बघतो.

खोल्यांची नावं मी मराठीत टाकते. युनिकोड देवनागरी इंकस्केपमध्ये जोडाक्षरांसकट नीट येते. "यंत्रकक्ष" लिहिलं की यंत्रकक्षच दिसतो. फॉन्ट मुक्त, हाही फुकट, मुंबईच्या एक टाइपने केलेला, आणि लांबूनही वाचता येतो. इंधनाच्या टाकीला मात्र "टाकी" लिहिते. हायड्रोजनची असली म्हणून काय झालं.

आता थोडं मनातलं. नेटवर जी जहाजांची डेक प्लॅन दिसतात त्यातल्या निम्म्यांत संडास नसतो. वीस माणसांचं जहाज, महिनोन्महिन्यांचा प्रवास, आणि ड्रेनेजचा पत्ता नाही. मी ओल्या जागा एकावर एक घेते, वरच्या डेकचं बाथरूम खालच्या डेकच्या गॅलीच्या (स्वयंपाकघराच्या) डोक्यावर, म्हणजे पाइप सरळ खाली उतरतो. खेळताना कुणाला फरक पडत नाही म्हणता? परवाच्या खेळात पोरं ज्या शाफ्टमधून चाच्यांच्या मागे उतरली तो माझा प्लंबिंगचा डक्टच होता. प्लॅनमध्ये खऱ्या घराची अक्कल असली की खेळाडूंना अशा वाटा आपोआप सापडतात.

छपाईला मी फ्लेक्सवाल्याकडे जाते. फ्लेक्सचा हिशोब चौरस फुटावर आणि आपले चौकोन इंचाचे, एका फुटात बारा. दोन बाय तीनचा फ्लेक्स घेतला की २४ गुणिले ३६ चौकोन बसतात, म्हणजे फ्री ट्रेडरचे दोन्ही डेक शेजारी शेजारी, वर नावाची पट्टीसुद्धा. पहिल्यांदा गेले तेव्हा मशीनवर कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस छापला जात होता.

"कोरलमध्ये आहे ना ताई?"

"पीडीएफ आहे. अक्षरं कर्व्ह केलीत."

त्याने उघडलं, झूम केलं, मान तिरकी करून बघितलं. "बंगला आहे का?"

"जहाज आहे. खेळातलं."

"बरं." बराच वेळ तो बघत राहिला. "आणि फोटो कुणाचा टाकायचा?"

फोटो कुणाचाच नाही, हे त्याला पटायला जरा वेळ गेला. आता ओळख झालीय, आता तो "कितवा मजला?" असं विचारतो.

अक्षरं कर्व्ह करायचं विसरू नका. फ्लेक्सच्या दुकानात बहुधा कोरलड्रॉ हेच ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर असतं आणि आपला युनिकोड फॉन्ट त्यांच्या मशीनवर असेलच असं नाही. इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी मारलं की त्यांचे आकार होतात. पुढे शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून हे छपाईच्या प्रतीतच करा. इंकस्केप कोरलची सीडीआर फाइल वाचतं, पण लिहीत नाही, तेव्हा पीडीएफच द्यायची. रंगही तिकडे जाऊन थोडे बदलतात, कारण इंकस्केपचे रंग पडद्याचे आणि मशीनचे शाईचे. गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. मी फिके राखाडी, फिके पिवळे असे रंग ठेवते, तिथे फरक कळत नाही. आणि जहाजाबाहेर काळं आकाश नि चांदण्या भरायचा मोह टाळा. काळ्या फ्लेक्सवर ट्यूबलाइट चमकते आणि घडीच्या रेघा पांढऱ्या उठून दिसतात. जहाजाबाहेर पांढरंच सोडा, तिथे पोरं जखमांचा हिशोब लिहितात.

मार्करने लिहून पुसायचं असेल तर फ्लेक्सऐवजी व्हिनाइलवर प्रिंट घेऊन वर ग्लॉसी लॅमिनेशन करून सनबोर्डवर, म्हणजे हलक्या जाड बोर्डवर, चिकटवून घ्या. महाग पडतं, पण तो टेबलावर सपाट बसतो. नेहमीच्या जहाजासाठी ते परवडतं. एका रात्रीत उडवून द्यायच्या जहाजासाठी घरचा प्रिंटर आणि ए-फोर. ए-फोरवर कड सोडून सात बाय दहा चौकोन बसतात. प्रिंट करताना "फिट टू पेज" काढून शंभर टक्के ठेवा, नाहीतर इंचाचा इंच राहत नाही. १.२ पासून इंकस्केपमध्ये एकाच फाइलला अनेक पानं करता येतात, तेव्हा जहाजाचे तुकडे तिथेच पाडा. सेलोटेप मागच्या बाजूने लावा. पुढून लावली तर तिच्यावर पेन्सिल उठत नाही.